नव्या गाडीचं कूलंट कुठे मुरतंय?

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. ते पेट्रोलसारखं जळून संपत नाही. कारखान्यात एकदा भरलं की काही वर्षं ते इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत राहतं. यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे बाहेर पडायला त्याला वाटच नसते. म्हणून गाडी घेऊन चार-सहा महिने झालेत, खाली डाग नाही, तापमानाचा काटा मधोमध आहे आणि तरीही कूलंटच्या टाकीतली पातळी उतरतेय, अशी परिस्थिती असेल तर ‘नवी गाडी आहे, थोडं घेणारच’ या बोलण्यावर विसंबू नका. इंजिन ऑइलच्या बाबतीत त्यात थोडंफार तथ्य असतं, कूलंटच्या बाबतीत नाही.

अपवाद एकच. कारखान्यात किंवा एखाद्या दुरुस्तीनंतर कूलंट भरताना आत कुठेतरी हवा अडकून राहू शकते. गाडी चालू लागली की ती हवा हळूहळू टाकीत येते, तिची जागा कूलंट घेतं आणि पातळी थोडी उतरते. असं एकदाच होतं. भरल्यावर पातळी तिथेच थांबली तर विषय संपला. दुसऱ्यांदा उतरली तर कुठेतरी गळती आहे असंच धरून चाला.

पहिलीच गाडी घेतलेल्यांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कूलंट कुठून जातंय हे शोधायच्या आधी कधी जातंय ते शोधा. उभ्या गाडीत, रोजच्या ये-जा करण्यात, की घाट चढताना? एवढं कळलं की निम्मं निदान झालं. त्यासाठी पाना-स्क्रूड्रायव्हर लागत नाही. टॉर्च, एक मोठा पांढरा पुठ्ठा, मापाचा कप, मार्कर आणि फोनचा कॅमेरा पुरतो.

पातळी बघायची कशी

सकाळी, गाडी रात्रभर थांबलेली असताना बघायची. गरम कूलंट फुगतं आणि पातळी वर दिसते. संध्याकाळी बघून ‘भरलेलं आहे’ म्हणणारा माणूस सकाळी बघून ‘कमी झालं’ म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. जागा दर वेळी तीच ठेवा. आपल्या कोकणात पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला असतो. त्या उतारावर गाडीचं तोंड एकदा वर, एकदा खाली असेल तर टाकीवरच्या कमाल आणि किमान या दोन खुणांमधलं अर्धं अंतर नुसत्या उताराने हलतं.

टाकी दोन प्रकारची असते. आजच्या बऱ्याच गाड्यांत टाकी स्वतःच दाबाखाली असते, तिचं झाकण जाड आणि आट्यांचं असतं आणि त्यावर इशारा छापलेला असतो. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला वेगळं दाबाचं झाकण असतं आणि बाजूची टाकी म्हणजे सैल झाकणाची साधी बाटली असते. ही बाटलीवाली गाडी असेल तर फक्त बाटलीवर भरवसा ठेवू नका. रेडिएटरच्या झाकणाचं रबर खराब असेल तर गरम झालेलं कूलंट बाटलीत जातं, पण गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर वरून रिकामा असतो. म्हणून गाडी पूर्ण गार असताना ते झाकण उघडूनही बघा. पूर्ण गार म्हणजे रात्रभर थांबलेली. गरम झाकण उघडलं तर दाब सुटतो, आतलं कूलंट क्षणात उकळून अंगावर येतं आणि चेहरा-हात भाजतात. यात कुणाच्याही अनुभवाचा सल्ला ऐकू नका.

आजच्या पातळीवर टाकीच्या बाहेरून मार्करने बारीक रेघ मारा, किलोमीटरचा आकडा दिसेल असा एक फोटो आणि टाकीचा एक फोटो काढा. फोटोला तारीख आपोआप लागते. हे फोटो पुढे वॉरंटीसाठी तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतात.

भरायचं तर काय, आणि किती

पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली असेल तर भरावंच लागेल. पण मापून भरा आणि किती मिली गेलं ते लिहून ठेवा. ‘थोडंसं टाकलं’ या नोंदीचा काही उपयोग नाही. छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण 4 ते 6 लिटर कूलंट असतं, त्यामुळे महिन्याला पाव लिटर जात असेल तर ती लहान गळती नव्हे.

भरायचं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच. रंग बघून घेऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात, रंगावरून आतलं रसायन कळत नाही. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली की गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात, कधी कधी आत चिकट साकाही होतो.

आणि विहिरीचं पाणी नको. कोकणात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण विहीर दारात असते आणि पाणी दिसायला स्वच्छ असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींना, बोअरला उन्हाळ्यात मचूळपणा येतो, म्हणजे त्यात क्षार आणि क्लोराइड असतं. क्लोराइड ॲल्युमिनिअमला टोचून टोचून भोकं पाडतं, आणि आजचा रेडिएटर व इंजिनाचं हेड दोन्ही ॲल्युमिनिअमचीच असतात. अडीअडचणीला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, ते पेट्रोल पंपावरही मिळतं. रस्त्यात काहीच नसेल तर बाटलीबंद पाणी घालून घर गाठा आणि नंतर यंत्रणा धुऊन नवीन कूलंट भरून घ्या.

गळती थांबवायला हळद टाकायचा उपाय जुने ड्रायव्हर सांगतील. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या काळात त्याने गाव गाठता येत असे. नव्या गाडीत हळद किंवा बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर अजिबात टाकू नका. कूलंट हीटरमधूनही फिरतं, त्याच्या बारीक नळ्या तुंबतात, खरी गळती झाकली जाते आणि वॉरंटी नाकारायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकू म्हणणाऱ्या फिटरलाही नम्रपणे नाही म्हणा. थर्मोस्टॅट काढल्याने गळती थांबत नाही, उलट इंजिन नीट तापत नाही.

कधी कमी होतं: तीन पाहण्या

पहिली पाहणी उभ्या गाडीची. दोन-तीन दिवस गाडी बाहेर काढायची नसेल तेव्हा संध्याकाळी फिरवून आणल्यावर पुढच्या भागाखाली पांढरा पुठ्ठा पसरा. पुठ्ठाच का? जांभ्याची फरशी थेंब शोषून घेते, आणि लाल मातीत गुलाबी कूलंटचा डाग कुणालाच दिसत नाही. ‘खाली काही पडत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या कित्येकांची गाडी चिऱ्यांवर उभी असते. पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडला त्याची जागा चाकांच्या अंदाजाने लिहून ठेवा.

थेंब दिसला म्हणून घाबरू नका. आपल्या दमट हवेत एसी बंद केल्यावरही कितीतरी पाणी टपकत राहतं, बहुधा पुढच्या प्रवाशाच्या बाजूला. ते पाणी रंगहीन असतं, वास नसतो, वाळून जातं. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि पुठ्ठ्यावर रंगीत कडा उमटते. चव घेऊन बघू नका, ते विष आहे.

दुसरी पाहणी रोजच्या वापराची. बाजार, शाळा, ऑफिस असं जे तुमचं आठवड्याचं फिरणं आहे तेवढंच करून पातळी बघा.

तिसरी घाटाची. चिपळूणकरांना कुंभार्ली, रत्नागिरीकरांना आंबा, सावंतवाडीकरांना आंबोली जवळ आहे. माणसं आणि सामान भरून, एसी लावून चढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा. मुंबईहून गाडी आणली म्हणजे घाटाची परीक्षा झाली असं समजू नका. कशेडीचा बोगदा झाल्यापासून महामार्गावरचा तो मोठा चढ टळला आहे. गाडीवर खरा ताण सह्याद्री चढतानाच येतो. मात्र पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल किंवा गाडी एकदाही तापली असेल तर ही पाहणी करायची नाही, सरळ सर्व्हिस सेंटर गाठायचं.

आता याचा अर्थ लावू. उभ्या गाडीत पातळी उतरते तेव्हा गळती बाहेरची असते आणि बहुधा जोडावरची: होज पाइपची क्लिप, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घराचं रबर, रेडिएटरचा सांधा. इंजिन तापलेलं असताना हे जोड फुगून घट्ट बसतात, गार झाल्यावर आकसतात आणि तेव्हा झिरपतात. रोजच्या वापरात सारखं थोडं थोडं जात असेल तर वॉटर पंप, टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळ्या, हीटर यांच्याकडे बघायचं. आणि सपाटीला काहीच नाही, घाट चढला की बोटभर कमी, असं असेल तर दाब वाढल्यावरच उघडणारी वाट आहे. त्यात झाकण पहिलं, आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, शेवटचं.

बॉनेट उघडून काय दिसतं

हे काम पत्र्याच्या शेडमध्ये करा. पावसाळ्यात उघड्यावर सगळंच ओलं, त्यात गळती दिसत नाही. नुकतंच इंजिन धुतलं असेल तर आठवडाभर थांबा. धुण्याने सगळ्या खुणा जातात, म्हणून गळतीचा संशय असताना सर्व्हिस सेंटरलाही इंजिन धुऊ नका असं आधी सांगा.

ओलं शोधू नका, वाळलेलं शोधा. गरम इंजिनवर पडलेला थेंब वाफ होऊन जातो, पण त्यातलं रसायन मागे राहतं. जोडाच्या कडेला पांढरट, गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा, मिठागराच्या बांधावर मीठ धरतं तसा. टॉर्च तिरपी धरली की तो चमकतो. प्रत्येक होज पाइप जिथे बसतो तिथे, रेडिएटरची काळी प्लास्टिकची बाजू आणि ॲल्युमिनिअमची जाळी जिथे जुळते त्या पूर्ण रेषेवर, आणि वॉटर पंपाच्या खाली बघा. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट त्या भोकातून बाहेर येतं आणि खाली ओघळ उमटतो. नव्या पंपात सुरुवातीला किंचित ओल दिसू शकते, पण रंगीत ओघळ म्हणजे सील गेलं.

जाळीवर खडी लागून खड्डा पडलाय का तेही बघा. महामार्गाच्या कामाच्या पट्ट्यात डंपरच्या मागे धावताना हे होतं. पावसाळ्यात बॉनेटमध्ये ऊब शोधत उंदीर येतात, ते वायरीच जास्त कुरतडतात, पण बारीक नळीवर दाताची खूण दिसली तर चकित होऊ नका.

गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचं मोठं कवच असतं. गळलेलं कूलंट त्यात साचतं आणि मागे कुठेतरी, गळतीपासून दोन फुटांवर, थेंब पडतो. हे कवच घरी काढायचं नाही, पण सर्व्हिस सेंटरात ते काढूनच बघायला लावा.

केबिनमध्येही एकदा हात फिरवा. डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर आपल्याकडे बहुतेक वेळा एसीची नळी तुंबलेली असते. पण ओल बुळबुळीत असेल, आत गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर हीटरची जाळी गळतेय.

डाग नाही, पापुद्रा नाही, तरी कमी

झाकणापासून सुरुवात करा. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणावर 0.9, 1.1, 1.4 असा आकडा असतो, तो बारमधला दाब. एवढा दाब झाला की झाकण वाफ सोडतं. हा दाब आहे म्हणूनच गाडी चालते: साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण 1 बार जादा दाबाखाली सुमारे 120 अंशांपर्यंत तग धरतं. झाकण कमी दाबालाच उघडलं तर घाटात वाफ निघून जाते, गरम इंजिनवर आणि वाऱ्यात ती कुठे गेली याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या वाडीतल्या एका गाडीचं नेमकं हेच होतं. सपाटीला महिनाभर रेघ हलत नसे, घाट झाला की बोटभर खाली. होज पाइप तपासून झाले, पंप तपासून झाला. शेवटी गार गाडीचं झाकण उघडून उलटं केलं तर रबरी रिंगवर नखाएवढी चीर होती, आणि टाकीच्या तोंडाभोवती गुलाबी भुकटीची अर्धी चकती. झाकण बदललं, तक्रार संपली. नव्या गाडीत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. झाकण मात्र त्याच आकड्याचं घ्या, जास्त दाबाचं घालून नळ्यांवर ताण आणू नका.

झाकण ठीक असेल तर कूलंट इंजिनाच्या आत जातंय का बघावं लागतं. खुणा अशा: गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे येणं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर न थांबणं, सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणं. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) आतून फुटला तरी कूलंट धुराबरोबर निघून जातं आणि बाहेर टिपूसही दिसत नाही.

इथे दोन गोष्टींनी नवखा माणूस फसतो. पावसाळी सकाळी सायलेन्सरमधून वाफ येणं, पाणी टपकणं हे नेहमीचं आहे, इंजिन तापलं की थांबतं. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट मळी दिसली म्हणून गॅस्केट गेलं असं होत नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर दमट हवेत आतल्या वाफेचं तिथे पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधट असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

सर्व्हिस सेंटरात

तुमची नोंद आणि फोटो घेऊन जा. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘कूलंट कमी होतं, अमुक किलोमीटरमध्ये अमुक मिली, घाटानंतर जास्त’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत घ्या. ‘साहेब, टॉप-अप करून दिलंय, आता काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर नव्हे. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून घाटातली गळती दिसणार नाही, हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

मागायच्या तपासण्या अशा. आधी प्रेशर टेस्ट: गार गाडीला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात आणि काटा उतरतो का बघतात. पंधरा-वीस मिनिटं तरी थांबायला हवं, आणि गळती बारीक असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगा. झाकणाची चाचणी त्याच पंपावर होते. त्यातून काही निघालं नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून काही दिवस गाडी चालवायची आणि मग यूव्ही टॉर्चने बघायचं. आतल्या गळतीचा संशय असेल तर टाकीच्या तोंडावर निळं द्रावण धरून करायची गॅसची चाचणी. पेट्रोल गाडीत निळं पिवळं झालं की इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये येतोय हे नक्की. शेवटी सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा. तीन पिस्टन काळे आणि एकच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला तर कूलंट तिथे जातंय.

इंजिन उघडायची भाषा पहिल्याच फेरीत आली तर आधीच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल लेखी मागा. उलट दोन-तीनदा भरून परत पाठवलं तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, जॉब कार्डच्या प्रती जोडा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वॉरंटी संपायच्या आत तक्रार लेखी असणं सगळ्यात महत्त्वाचं.

दरम्यान घाटात तापलीच तर

लाल दिवा लागला किंवा काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात, आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद. बॉनेट उघडा पण झाकणाला हात लावू नका, आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, ओढणी-पंचा दूर ठेवा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. काट्यावरही आंधळा विश्वास नको. कूलंट फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो.

दुरुस्ती झाल्यावर

कूलंट भरल्यावर यंत्रणेतली हवा काढली का ते विचारा. पहिल्या काही दिवसांत पातळी किंचित उतरेल, ती भरा, नवी रेघ मारा आणि तिन्ही पाहण्या पुन्हा करा. घाटाची तर नक्कीच. वॉरंटीत बदललेल्या भागाचं नाव आणि नंबर बिलावर आहे का बघा.

काढलेलं किंवा सांडलेलं कूलंट माडाच्या आळ्यात, व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका. गोडसर असल्यामुळे कुत्री, मांजरं, वासरं ते चाटतात, आणि मांजराला तर चमचाभरही जीवघेणं ठरतं. सांडलेल्या जागी भुसा किंवा माती टाकून ती उचला, भरपूर पाण्याने फरशी धुवा, आणि जुनं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये भरून वर ‘विष’ असं लिहून गॅरेजला परत द्या.